खाडीपलीकडचे तीन दिवस

"चपला काढून हातात घे. हा चिखल आहे, तुझ्या लॉबीसारखा कुणी पुसून ठेवलेला नाही," बेबी म्हणाली.

थोरली होडीतून उतरली आणि पोटरीपर्यंत रुतली. बेबीने हात दिला. बेबी अठ्ठावन्न वर्षांची होती, पण धाकटीचं नाव एकदा पडलं ते पडलं.

वडिलांनी दोघींना वाटून दिलं होतं. खाडीअलीकडचा किनारा थोरलीला, पलीकडचं जंगल बेबीला. किनाऱ्यावर आता थोरलीचं दीडशे खोल्यांचं रिसॉर्ट होतं. तिथे पाहुण्यांना उशी निवडायलाही यादी मिळायची. जंगलात बेबीच्या पाच झोपड्या होत्या. पक्षी बघणारे पाहुणे यायचे, कंदिलाच्या उजेडात जेवायचे आणि निघताना डोळे पुसायचे.

थोरलीला ते जंगल हवं होतं. झाडांच्या शेंड्यांवर काचेची घरं बांधायची होती. वीस वर्षं ती विचारत होती, वीस वर्षं बेबी नाही म्हणत होती. या वर्षी मात्र बेबीचाच निरोप आला, "तीन दिवस राहायला ये. आधी सगळं नीट बघ. मग बोलू."

"मला विरघळवायचा बेत दिसतोय तिचा," थोरली नवऱ्याला म्हणाली आणि काचेच्या घरांचा नकाशा पर्समध्ये टाकून निघाली.

पहिला दिवस तिने नाक मुरडण्यात घालवला. पंखा नाही, आरसा वीतभर, आंघोळीला बादली.

"गरम पाणी?"

"चूल पेटली की मिळेल. तुझ्याकडे नळ सोडला की येतं, नाही?" बेबीने विचारलं.

"चोवीस तास," थोरली ठसक्यात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या टेकडी चढल्या. बेबी दर दहा पावलांवर थांबत होती. थोरलीला वाटलं, आपल्यासाठीच थांबतेय.

वर एका जुन्या झाडाच्या ढोलीला मातीने लिंपलं होतं. मधे फक्त एक फट. फटीतून चोचीचं टोक दिसत होतं.

"धनेशाची मादी. अंडी घालून आत बसलीय," बेबी कुजबुजली. "दोन महिने नर भरवतो."

तेवढ्यात पंखांचा वाऱ्यासारखा आवाज झाला. नर आला. एकेक फळ घशातून काढून त्याने फटीत दिलं. थोरली तोंड उघडं टाकून बघत राहिली. आपला नवरा रिमोटसुद्धा हातात देत नाही, असं ती म्हणाली आणि दोघी तोंडावर हात दाबून हसल्या, लहानपणी हसायच्या तशा.

त्या रात्री थोरलीला गोळी न घेता झोप लागली.

तिसऱ्या दिवशी पहाटे बेबीने होडी धुक्यात सोडली आणि वल्ही आत घेतली. "झोप आडवी. ओहोटी नेईल तिकडे जायचं."

थोरली आडवी झाली. वर पांढरं, खाली पांढरं. खारफुटीची मुळं धुक्यातून हळूच पुढे यायची आणि मागे विरून जायची. कुठेतरी मासा डुबकन वाजला. आपण तरंगतोय की निजलोय, तिला कळेना. आपलं वय किती, कोण आपण, कुणाच्या मालकीचं काय, सगळं त्या पाण्यात सुटत चाललं होतं.

धुकं उठलं तेव्हा समोर तिचं रिसॉर्ट दिसलं. एवढंसं, कुणीतरी विसरून गेलेल्या खेळण्यासारखं.

थोरली उठून बसली. तिचे गाल ओले होते. तिने पर्समधून नकाशा काढला, फाडला आणि तुकडे पाण्यावर सोडले.

"वीस वर्षं तू बरोबर होतीस बेबी, मीच गाढव," ती म्हणाली. "काल संध्याकाळीच मुलाला फोन केला. म्हटलं, जंगलाचा विषय संपला. मी मेले तरी तुम्ही कुणी काढायचा नाही. तू आता निर्धास्त राहा. अगदी शेवटपर्यंत, इथेच."

बेबीने तोंड पाण्याकडे वळवलं. आनंदाने तिला रडू येतंय, असं थोरलीला वाटलं. तिने बहिणीचा हात हातात घेतला.

"बोल की गं काहीतरी."

बेबी वाहून जाणाऱ्या तुकड्यांकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "या वेळी मी हो म्हणणार होते गं."