काळ्या दगडाची चौकट

"हे काय लावलंत, मंगळू?"

उज्ज्वलाने खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती. शाळा सुटून ती घरात पाऊल टाकते तोच समोर पांढराशुभ्र संगमरवर चमकला. दोन बाजूंना गोल खांब, वर द्राक्षांचे घोस कोरलेले. हॉलची भिंत लग्नाच्या स्टेजसारखी दिसत होती.

मंगळू मिस्त्री बादलीत थापी धूत होता. त्याने मान वर केली नाही.

"फायरप्लेस, बाई."

"ते दिसतंय मला. माझा काळा दगड कुठाय?"

फायरप्लेसची हौस मुळात तिच्या नवऱ्याची, तुळशीदासची. कुठल्याशा हॉटेलात त्याने ती पाहिली आणि डोक्यात घेतली. जव्हारची थंडी ती किती, आणि त्यासाठी हॉलमध्ये जाळ, म्हणून शेजारी हसले. पण करायचीच तर नीट करू, म्हणून भोवतीच्या चौकटीचं उज्ज्वलाने मनावर घेतलं. ग्रॅनाइट आरशासारखा चकाकतो, नको. टाइल तापून सुटते, नको. शेवटी तिने काळा दगड पसंत केला, टाकीचे घाव तसेच ठेवलेला, वर सागाची जाड फळी. कोपऱ्यांचे दगड तर तिने स्वतः खाणीवर जाऊन निवडले होते.

"खोडाळ्याला पण एक काम चाललंय, बाई," मंगळू म्हणाला. "दोन्हीकडं माप सारखंच. तिकडचा माल इकडं आला, इकडचा तिकडं लागला. माझीच चूक म्हणा."

"म्हणा काय? आहेच तुमची!"

तिचा आवाज गल्लीभर गेला असावा. समोरच्या घराची खिडकी उघडली. मंगळू खाली मान घालून थापी धूत राहिला. तो उलट एक शब्द बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिने तुळशीदासला फोन लावला. तो मोखाड्याला नोकरीला होता. आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शनिवारी घरी यायचा.

"राहू दे आता," सगळं ऐकून तो म्हणाला. "पांढराही चांगला दिसतो."

"न बघताच कळलं तुम्हाला?"

"दिसेल, असं म्हणतोय मी. उगाच तोडफोड कशाला? आणि हे बघ, या शनिवारी माझं येणं होत नाहीये. ठाण्याला मीटिंग आहे. पुढच्या आठवड्यात बघू."

तिने फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. स्वयंपाकघराचा ओटा बुटका झाला, तेव्हाही राहू दे. न्हाणीघराचा उतार उलटा निघाला, तेव्हाही राहू दे. दर वेळी चूक दुसऱ्याची आणि चालवून घ्यायचं हिने! या वेळी नाही, तिने ठरवलं.

रविवारी सकाळी तिने उभं राहून संगमरवर उतरवून घेतला. पेंढा घालून गोणपाटात बांधायला लावला. गोरखचा टेम्पो बोलावला आणि स्वतःच पुढे चढून बसली.

"मी आणतो ना, बाई," मंगळू म्हणाला.

"तुम्ही एकदा आणलंत ते पाहिलं. आता मी जाते."

तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "जा मग."

रस्ताभर ती गोरखला मंगळूचे प्रताप ऐकवत होती. खोडाळ्याच्या बाजारापलीकडे एका नव्या घरासमोर टेम्पो थांबला. दारात एक बाई उभी होती, हात पिठाचे.

"या ताई. मी गौरा. मिस्त्रीचा फोन आला होता, तुम्ही येताय म्हणून."

आत हॉलमध्ये तिचा काळा दगड भिंतीला लागला होता. तिच्या सागाच्या फळीसकट.

"बघा, माझाच आहे!" उज्ज्वला म्हणाली. "आणि तुम्ही हा लावू कसा दिलात?"

"मी पांढरा सांगितला होता." गौराने पदराला हात पुसले. "बसा. चहा ठेवलाय."

चहा चांगला होता. उज्ज्वलाचा राग मात्र निवत नव्हता. ती घरावर बोलली, मिस्त्रीवर बोलली, राहू दे म्हणणाऱ्या माणसांवर बोलली.

"आमचे पण तेच म्हणतात," गौरा म्हणाली. "कायपण विचारा, राहू दे."

दोघी हसल्या. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपलं म्हणणं ऐकतंय असं उज्ज्वलाला वाटलं.

"तुम्हाला राग नाही आला?" तिने विचारलं.

"आला तर. लय आला. पण कुणावर काढायचा, ते कळायला वेळ लागला."

"मिस्त्रीवर काढायचा! दुसऱ्या कुणावर?"

"तो बिचारा सांगेल तसं लावतो."

उज्ज्वला उठायला लागली. दगड उतरवून, टेम्पोत भरून, दुपारच्या आत जव्हार गाठायचं होतं.

"जराशा थांबा ना," गौरा म्हणाली. तिची नजर रस्त्यावर होती. "आमचे जेवायला येतीलच आता. त्यांना भेटूनच जा."

बाहेर मोटरसायकल थांबली. ओटीवर चपला निघाल्या.

"गौरा, पाणी दे गं," आवाज आला. "आणि हा टेम्पो कुणाचा उभा आहे?"

उज्ज्वलाने आवाज ओळखला.

तुळशीदास दारात आला. त्याने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. पुढे यावं की मागे फिरावं हे त्याच्या पायांना ठरवता येईना. उज्ज्वला ताडकन उभी राहिली.

गौरा जागची हलली नाही. तिने शांतपणे आपला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"बस, उज्ज्वला," ती म्हणाली. "मिस्त्रीची काहीच चूक नाय. दगड मीच बदलायला लावले."