आन्याचा पेढा

अप्पांना पोलंडचा जावई चालला, पण तो बिजवर आहे हे पाहुण्यांना कळलेलं चालणार नव्हतं. म्हणून लग्नापुरती तोमाशची सहा वर्षांची मुलगी आन्या आम्ही त्याची भाची करून टाकली. मीच तिच्याकडून मराठीत पाठ करून घेतलं, हा मामा, ही मामी. आमच्या गावी, केलगेरीच्या मांडवात कुणी विचारलं की ती न अडखळता सांगायची, आणि मी तिच्या हातावर पेढा ठेवायची.

पुढच्या महिन्यात वकिलांनी विचारलं, "इथं राहायच्या व्हिसाचा अर्ज एकट्या नवऱ्याचा करायचा, की मुलीसकट?"

"मुलीसकट," मी म्हटलं. "आता तिची आई मीच की हो."

मुलाखतीच्या दिवशी अधिकारीबाईंनी आन्याला जवळ बोलावलं. तोमाशकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "हे तुझे कोण?"

आन्यानं माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "मामा."

"आणि ह्या?"

"मामी."

बाईंनी आमचा अर्ज पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. आन्यानं हसत माझ्यापुढे हात पसरला.