काहीही झाले नाही

रसायनशास्त्राच्या बाईंनी एकोणचाळिसावी प्रयोगवही उघडली आणि हातातलं लाल पेन हवेतच थांबलं.

जस्त : काहीही झाले नाही. लोखंड : काहीही झाले नाही. तांबे : काहीही झाले नाही.

बाकीच्या अडतीस वह्यांत जस्तावर आम्ल पडताच भराभर बुडबुडे आले होते, लोखंडावर सावकाश आले होते आणि तांबं ढिम्म बसलं होतं. जसा धडा, तशा अडतीस जणांच्या नळ्या. आणि ही एकटीच शहाणी! वही घुमीची होती. वर्षाच्या मध्येच शाळेत आलेली, शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी. तोंडातून शब्द काढायची नाही म्हणून वर्गाने तिचं नाव घुमी ठेवलं होतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावून घेतलं.

"प्रयोग केलास का तू?"

"केला, बाई."

"मग बुडबुडे कुठे गेले?"

"आलेच नाहीत."

"अडतीस जणांना दिसले आणि तुझ्याच डोळ्यांवर पडदा आला होता?"

घुमी नखांशी चाळा करत हळूच म्हणाली, "मी घंटा होईपर्यंत बघत बसले होते."

पलीकडे बसलेले गणिताचे सर खुदकन हसले. ते हसणं बाईंना झोंबलं. पोरगी खोटं बोलतेय आणि वर साळसूदपणाचा आव आणतेय! त्यांनी पानावर भलंमोठं शून्य काढलं, खाली 'पुन्हा लिही' असा शेरा मारला आणि उद्या आईला घेऊन ये म्हणून बजावलं. घुमी वही उचलून मुकाट्याने निघून गेली.

ती गेली, पण बाईंच्या डोक्यातला किडा काही गेला नाही. कामचुकार पोर शेजारणीच्या वहीतून चार बुडबुडे उतरवून मोकळी झाली असती. शून्य पदरात पडेल असं खोटं कोण कशाला लिहील?

त्यांनी तपासलेला गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. एका वहीत 'बुडबुडे सळसळत वर आले' असं होतं. दुसरीतही सळसळत. तिसरीतही. एकवीस वह्यांत बुडबुडे सळसळतच आले होते. प्रयोगाच्या तासाला मुख्याध्यापकांनी बैठकीला बोलावलं म्हणून बाई वर्ग प्रयोगशाळेतल्या मामांवर सोपवून गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा नळ्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. आणि प्रत्येक वहीत 'प्रयोग माझ्यासमोर केला' या छापील ओळीखाली बाईंची सही होती.

शाळा सुटल्यावर त्या तडक प्रयोगशाळेत गेल्या. मामा टेबलं पुसत होते. बाईंनी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढली, नळीत थोडं ओतलं आणि जस्ताचा तुकडा टाकला. तुकडा तळाशी जाऊन पडला. बाईंनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. काही नाही. निळा लिटमस बुडवला, निळाच राहिला. शेवटी मॅग्नेशियमची फीत टाकली. आम्ल लागलं की थयथयाट करणारा धातू, तोही गपगार.

"मामा, यात काय भरलंय?"

मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. "पाणी."

"पाणी?"

"आम्ल संपून पंधरवडा झाला, बाई. मागणीचा कागद तुमच्या टेबलावर दिलाय. सही राहिलीय." त्यांनी आवाज खाली आणला. "मुलांपुढे रिकामी बाटली कशी ठेवायची? म्हटलं, कुणी विचारलं तर सांगू. चार वर्ग येऊन गेले. एका पोरीशिवाय कुणी हूं की चूं केलं नाही."

"ती काय म्हणाली?"

"दुसरी बाटली मागत होती. मी म्हटलं, शेजारचे काय लिहितात ते बघ."

बाईंनी नळी मोरीत ओतली. जस्ताचा तुकडा हातात आला, टाकला तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधीच घुमी आईला घेऊन दारात उभी होती. आई अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. बाई तोंड उघडणार, तोच तिने लेकीच्या हातातली वही घेऊन पुढे केली.

"चुकलं तिचं, बाई. मी चांगलं खडसावलंय. सगळं नव्याने लिहून आणलंय बघा."

बाईंनी पान उघडलं. जुन्या पानावर कोरा कागद नीट चिकटवलेला होता आणि त्यावर वळणदार अक्षरात जस्तातून बुडबुडे सळसळत वर येत होते.

"हे काढून टाक," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तुझं आधीचंच बरोबर होतं. बाटलीत आम्ल नव्हतंच, पाणी होतं. तू जे पाहिलंस तेच लिहिलंस."

घुमीने आईकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं, नवा डाव कुठला ते ओळखू पाहावं तसं. तिने बाईंच्या हातातून वही काढून घेतली आणि छातीशी धरली.

"नाही, बाई," ती म्हणाली. "आले होते बुडबुडे. मीच नीट बघितलं नव्हतं."