नकाशावरचे तळे

नगरपालिकेच्या नकाशा विभागाचे प्रमुख उपग्रहाच्या नव्या छायाचित्रांवर बेहद्द खूश होते. अंगणातली सायकलसुद्धा टिपणाऱ्या त्या छायाचित्रांवरून संगणकाने शहराचा नकाशा आपोआप रेखाटला होता. फक्त निळ्या ताडपत्रीने झाकलेली छपरे त्याने बिनदिक्कत तळी म्हणून नोंदवली होती.

"साहेब, ते तळं नाही हो, माझं घर आहे," एक शिंपी काकुळतीला येऊन म्हणाला. "एकदा येऊन बघा तरी!"

"उपग्रह असताना पायपीट कशाला?" प्रमुख हसले. "अहो, चूक फार तर शंभरात दोन. शास्त्राला तेवढी चालते."

आठवड्याभराने त्यांच्याच स्वयंपाकघराने पेट घेतला. बायकोला आणि सासूबाईंना कसेबसे बाहेर काढून त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला आणि धापा टाकत पत्ता सांगितला. "लवकर या! गच्ची गळते म्हणून वर्षभर वर निळी ताडपत्री टाकलीय, लांबूनही दिसेल!"

पलीकडच्या माणसाने शांतपणे नव्या नकाशात पत्ता शोधला.



"थट्टा करता का राव? त्या पत्त्यावर एवढं मोठं तळं असताना बंब कशाला?"