दोनशे कपांचं यंत्र

"हे बघा, इटलीचं. दांडा ओढला की कॉफी," असं म्हणत नेसरू दुकानदाराने दांडा ओढून दाखवला.

झेनेबेचने कप नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दाणे जळलेत. दोष यंत्राचा नाही, तुझा आहे. पण असा एकेक कप ओढत बसले, तर मयताला आलेली माणसं चाळिसाव्या दिवशी कॉफी पिऊन घरी जातील."

नेसरू खो खो हसला. तिच्या मागे उभे असलेले टेसेमा आणि शेजारची आबोनेश मात्र हसले नाहीत.

टेसेमा म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या इद्दिरचा, मयताच्या मंडळाचा, म्होरक्या. कुणी गेलं की तंबू, बाकं, मोठाली पातेली, सगळं इद्दिर बघतं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला चूलसुद्धा पेटवू देत नाही. आणि कॉफी? ती वीस वर्षं झेनेबेचच्या हातची. आज सकाळी टेसेमाला फोन आला होता. जिबूतीच्या रस्त्यावर ट्रक दरीत गेला, चालवणारा जागीच संपला. चालवणारा यारेद, झेनेबेचचा एकुलता एक मुलगा. त्याला रात्रीतून घेऊन येणार होते.

अशी बातमी दिवसाढवळ्या सांगायची नसते. पहाटे, उजाडायच्या आत, चार मोठी माणसं दारात जातात आणि मग सांगतात. त्या माउलीला निदान आजचा घास गोड लागू दे, एक रात्र झोप पदरात पडू दे, म्हणून ही रीत. रीत चांगली आहे हो. पण मधला दिवस ढकलणाऱ्याच्या जिवाचं काय होतं, ते कुणी विचारत नाही. टेसेमाला दुसरं काही सुचेना. इद्दिरसाठी कॉफीचं यंत्र घ्यायचंय, तुझ्याशिवाय कुणाला त्यातलं कळतंय, चल, असं सांगून त्याने तिला गल्लीबाहेर काढलं आणि मर्कातोच्या बाजारात आणलं. तिचा फोन आबोनेशने एक फोन करायचाय म्हणून मागून घेतला होता आणि बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला होता. यंत्र तर लागणारच होतं. उद्या कॉफी करणार कोण?

दुसरं यंत्र काळं, चकचकीत. वरून दाणे ओतायचे, बटण दाबायचं, दळण्यापासून सगळं तेच करतं. त्याचाही कप तिने चाखून पाहिला.

"आणि वीज गेली तर?" झेनेबेचने विचारलं.

"मग थोडं थांबायचं, आई."

"मेलेला थांबेल रे बाबा. रडणाऱ्या बायका थांबत नाहीत. कॉफीवाचून डोकं चढलं की मेलेल्याला सोडून मला शिव्या घालतात." ती मागे वळली. "आबोनेश, तुला काय झालं गं?"

"डोळ्यांत धूर गेला."

"इथे कुठला धूर? ही सगळी विजेची यंत्रं."

आबोनेशने तोंड फिरवलं. नेसरूने तिसरं यंत्र पुढे सरकवलं. यंत्र कसलं, मोठा पिंपच तो, खाली तोटी लावलेली. गॅसवरही चालतो, विजेवरही. एका दमात दोनशे कप. त्याने तोटी सोडली आणि तिच्या हातात कप दिला.

"हा नमुन्याचा. नवा गोदामातून काढावा लागेल. पुढच्या आठवड्यात देतो."

"छे छे, उद्या पहाटे पाहिजे," टेसेमा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

झेनेबेचचा कप ओठांपाशीच थांबला. "उद्या? उद्या कुणाकडे आहे?"

टेसेमा वाकून पिंपाची तोटी बघू लागला.

"कुणी गेलं असेल तर मी आहे की. मी काय मेलेय?"

"तू थकतेस आताशा," आबोनेश म्हणाली.

"परवा दीडशे माणसांची केली. तेव्हा नाही कुणी म्हणालं, थकतेस म्हणून." मग तिने हात पुढे केला. "माझा फोन दे."

"त्याची... बॅटरी उतरलीय."

हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. टेसेमा एक पाऊल पुढे सरकला. आता ही किंचाळणार, भर दुकानात ऊर बडवून घेणार, आणि आपण काय करायचं? ती किंचाळली नाही. एवढ्या वर्षांत तीही टेसेमाबरोबर पहाटेची कित्येक दारांत जाऊन उभी राहिली होती. पहाटेआधी सांगायचं नसतं, हे तिला पाठ होतं. तसंच, पहाटेआधी विचारायचंही नसतं.

तिने कप खाली ठेवला. तो तिसरा होता. त्यांच्याकडे कॉफीचा तिसरा कप आशीर्वादाचा, तो कुणी टाकत नाही. तिचा भरलेला तसाच राहिला.

"हाच दे," ती नेसरूला म्हणाली. "झाकण नीट बसतंय का बघून दे. आणि साखरेचा डबा मोठा लागेल. ट्रकवाले येतील. ते साखर जास्त घेतात."

आबोनेशने पदर तोंडात कोंबला.

नेसरूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने कानावरची पेन्सिल काढली. "कुठे पाठवू?"

टेसेमा खिशात पैसे चाचपू लागला. मग तिनेच पत्ता सांगितला. चर्चच्या मागची गल्ली, पाण्याच्या टाकीजवळचं हिरवं पत्र्याचं फाटक. तिचंच फाटक.

तिघं बाहेर पडली. बाहेर ऊन होतं, हमाल ओरडत होते, कुणी तरी मिरच्यांची पोती ओढत होतं. पायरीवर ती थांबली आणि टेसेमाकडे न बघता म्हणाली, "दादा, पहाटे फाटक वाजवू नका. शेजारची पोरं झोपलेली असतात. मी उघडंच ठेवते."