रेग हॉब्डेची शेवटची फेरी

डब्यात बसताना थेल्माचे गुडघे डोरीनच्या गुडघ्यांना लागले आणि तिला शिसारी आली. गाडीच मेली एवढीशी! इंजिन कमरेइतकं, डबे बिनछपराचे. समोरासमोर बसायचं म्हणजे एकमेकींच्या मांडीवरच बसायचं. केस पिकलेली माणसं असल्या खेळण्यावर जीव टाकतात, त्यांना काय म्हणावं?

थेल्माच्या नवऱ्यानेही टाकला होता. उभा जन्म दर रविवारी रेग समुद्रकाठच्या या रुळांवर कोळसा ओढायला यायचा आणि संध्याकाळी काळाठिक्कर होऊन घरी जायचा. न्हाणीघर घासून घासून थेल्माचे हात गेले. आणि इथे ही डोरीन! सकाळी इंजिनाची भट्टी पेटवायची, दिवसभर तिकीटखिडकीत बसून हसायची.

"थेल्मा, तुझं मन मोठं हं," शेजारी बसलेला क्लाइव्ह नाक शिंकरत म्हणाला. तो या हौशी मंडळाचा अध्यक्ष. "आपल्यातला कुणी गेला की त्याची राख भट्टीत टाकायची, ही आमची रीत. रेगचीच तेवढी राहिली होती. वर्षभर तुला विनवलं, शेवटी आज हो म्हणालीस!"

नाक शिंकरलेल्या हातानेच त्याने तिचा हात दाबला. थेल्माने तो हळूच कोटाला पुसला.

मघाशी स्टेशनात सगळ्यांनी टोप्या काढल्या, शिट्टी वाजली आणि थेल्माने आणलेल्या डब्यातली राख फावड्याने भट्टीत गेली. राख कसली! घरच्या शेकोटीतली मूठभर, आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतला केर, मांजराच्या केसांसकट.

रेग घरीच होता. थेल्माच्या उशाशी, पितळी कलशात. रोज रात्री ती त्याच्याशी बोलायची, झाकणावर ओठ टेकवायची आणि मग दिवा मालवायची. जिवंतपणी त्याचे रविवार या लोकांनी खाल्ले. मेल्यावर तरी तो अख्खा तिचा होता, आणि कुणाच्या बापाची छाती नव्हती त्याला न्यायची.

गाडी वाळूच्या टेकड्यांमधून निघाली. धूर मागे वळला आणि जळक्या केसांचा घाण वास सुटला.

"हा आपला रेग!" क्लाइव्हने डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. मागच्या डब्यातलेही धूर हुंगू लागले. थेल्माने रुमाल नाकाला लावला. हसूही येत होतं.

डोरीन मात्र खेकड्याचं सँडविच खात होती. ओठाच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी चिकटलेलं. डोळ्यांत टिपूस नाही. वर्षभर सगळे राखेसाठी मागे लागले, हिने चकार शब्द काढला नव्हता. थेल्मा तापाने फणफणली होती तेव्हा अंत्यविधीवाल्यांकडून कलश दारात आणून दिला तोही हिनेच, आणि तेव्हाही कोरडी ठणठणीत. हिच्यावर भाळला होता रेग? शी!

फेरी संपली. सगळे चहाला गेले. डोरीनने मागून थेल्माचा दंड धरला.

"मिसेस हॉब्डे, जरा थांबा. बोलायचंय."

"बोल की."

"तुम्ही आज एवढ्या मायेने त्याला सोडलंत. मला घास गिळवत नव्हता हो."

"दिसत होतं ते."

"तुम्ही माझ्यापेक्षा फार चांगल्या आहात. तो मला म्हणाला होता, मला भट्टीतच टाक. मला वाटलं, तुम्ही कधीच देणार नाही. म्हणून कलश हातात आला त्याच रविवारी मी त्याला भट्टीत घातलं. कुणालाच सांगितलं नाही."

थेल्माने दंड सोडवून घेतला. "मग माझ्या कलशात?"

"रिकामा कसा द्यायचा? भट्टीतली राख ओततो ना, त्या खड्ड्यातली भरली." डोरीनने आता कुठे डोळे पुसले. "आपले पुरुष तिथेच आडोशाला उभे राहतात, ते खरंय. पण मी कोरडी कोरडीच वेचली हो."