पिशवीसकट

शाळा सोडून घरी बसलेल्या कौमुदीनं गॅलरीत वर्षभर वाढवलेलं करंजाचं रोप मराठी मंडळाच्या झाडं लावण्याच्या कार्यक्रमात लावायला आणलं होतं. अण्णा नगरच्या बागेत मंडळाचे अध्यक्ष उमाकांतकाका तासभर जंगलं वाचवण्यावर बोलले आणि फोटोसाठी त्यांनी ते रोप प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात बसवलं. "काका, पिशवी फाडा, मुळं मरतील." "माळी बघेल," काका कॅमेरा डोळ्याला लावत म्हणाले. "रोल संपत आलाय, इकडे बघून हस." तिनं शेजारच्या खड्ड्यातली गेल्या वर्षीच्या रोपाची वाळकी काडी उपटली. खाली तशीच पिशवी निघाली, आत मुळं गोल गोल गुंडाळून कुजलेली. तिनं ती काकांसमोर धरली. "शाळा सोडलेल्या पोरीनं आम्हाला शिकवू नये," काका हसत म्हणाले. तिनं आपलं रोप उचललं, पिशवी दातांनी फाडून ते पुन्हा लावलं आणि तोंडातला तुकडा काकांच्या बुटांपाशी थुंकून ती म्हणाली, "आता हसते. काढा फोटो."